सात पिल्लं

नगरा, झाशी
२८ सप्टेंबर १९८३

प्रिय इंदूताई,

साष्टांग नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, रागावली असशील. कारण सांगितलं तर हसशील. जुलैपासून घरात रानबदकांची पिल्लं होती.

त्याचं असं झालं. रेल्वेलाइनपलीकडच्या छोट्या तळ्यात, त्या तलैयात, रामकिशन रैकवार शिंगाडे लावतो. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मी रिटायर झाले तरी त्याच्या लेखी अजून बहनजीच. वेल लावायला उतरला, तर काठावर कुत्र्यांनी बदकीण फाडलेली आणि तिची आठ पिल्लं गवतात दडून बसलेली. टोपलीत घालून सरळ आपल्या दारात आला. म्हणाला, बहनजी, आप ही पाल सकती हो. मला नाही म्हणायला सुचलं नाही. ते मला कधीच सुचत नाही, तुला ठाऊक आहे.

मुठीएवढी पिल्लं, अंगावर पिवळे-तपकिरी पट्टे. पहिल्याच दिवशी मी चूक केली. बदकाची जात म्हणून पाणी भरलेल्या घंगाळात सोडली. आईच्या पंखाखाली नसलेली पिल्लं पाण्यात भिजून गारठतात, हे मला कुठलं माहीत? संध्याकाळपर्यंत एक गेलं. मग शिकले. खोक्यात जुनं लुगडं, वर बल्ब, आणि बिजली गेली की गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून. पाणी ताटलीत, तेही खडे टाकून. खायला बारीक चिरलेला पालक, तलैयाच्या पाण्यावर तरंगणारी हिरवी टिकली, गांडुळं आणि उकडलेल्या अंड्याचा बलक. चाळीस वर्षं मुलींना व्याकरण शिकवलेली तुझी बहीण खुरपं घेऊन पेरूखाली गांडुळं उकरत होती.

आपल्या घरात अंडं. मी अंगणात वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं घेतलं, आणि आईला कळणार नाही अशी समजूत करून घेतली. पण सहा वर्षं पलंगावर असलेल्या माणसाचं नाक फार तिखट असतं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "पोट त्यांचं आहे. आपलं सोवळं त्यांना कशाला?" त्यानंतर रोज विचारायची, सातही आहेत ना? मी एखादं पिल्लू तिच्या ओच्यात ठेवायचे. ते तिथंच झोपायचं आणि ती तासभर हलायची नाही.

सातही जगली. श्रावण सरता सरता खरी पिसं फुटली, चोचीच्या टोकाला पिवळं आलं. अंगणभर घाण, तुळशीची पानंसुद्धा खाल्ली. शेजारचे हरिभाऊ म्हणाले, आता यांचे पंख कापून पिंजऱ्यात ठेवावं लागेल, नाहीतर उडतील. मी म्हटलं, उडू देत. गेल्या सोमवारी रामकिशन आणि मी त्यांना तलैयात सोडून आलो. थोडा वेळ काठाशीच घोटाळली, मग एकामागून एक शिंगाड्याच्या वेलीत शिरली. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. घरी येऊन आईला भरवलं आणि दुपारी दोन तास गाढ झोपले. कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते.

जागी झाले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, आणि तेव्हापासून हे पत्र मनात आहे. त्या पिल्लांचं करताना मी दमले, पण कंटाळले नाही. कारण ती जाणार होती. ताई, आईचं करताना मी कशाची वाट बघत असते, ते मला स्वतःशीसुद्धा उच्चारता येत नाही.

ऑगस्टमध्ये मी तुला कार्ड टाकलं होतं, की मी बाजारात गेले होते, आई एकटी उठायला गेली, पडली आणि मनगट मोडलं. मी बाजारात नव्हते. अंगणातच होते. पहिल्या दिवसाच्या चुकीनंतर त्या दुपारी प्रथमच मी पिल्लांना घंगाळात पोहू दिलं होतं आणि ती बुडी मारत होती. आईनं हाक मारली, "अनू." मला ऐकू आलं. तिला भांडं हवं होतं हेही कळलं. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. मी बसून राहिले. रागानं नाही, ताई. उठायचं म्हणून पायच हलेनात. मग हाक आली नाही, आवाज आला. सिविल लाइंसच्या डॉक्टरांनी विचारलं, तर मी तोंड उघडण्याआधी आईच बोलली, "बिटिया बाजार गई थी, मैं खुद उठी." तुला लिहिलेलं खोटं तिथूनच घेतलं. घरी आल्यावर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही नाही.

प्लास्टर निघालं आहे. मनगट जरा वाकडं राहिलं, पण घास तोंडाशी नेता येतो. काल तिच्याजवळ बसून सगळं कबूल केलं. तिनं तोच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. म्हणाली, "तू ऐकत होतीस, ते मला तेव्हाच कळलं. इंदूला लिही, मला घेऊन जा म्हणावं."

म्हणून लिहिते आहे. दिवाळीच्या आधी तू आणि मार्तंडराव या आणि आईला नागपूरला न्या. निदान होळीपर्यंत. तिला तुझ्या हातची सवय नाही हे मला माहीत आहे. माझ्या हातचीही एकेकाळी नव्हती. तिची औषधं, पाठ कशी पुसायची, कोणत्या कुशीवर झोपते, सगळं वेगळ्या कागदावर लिहून ठेवते. एवढं मात्र कर. स्टेशनवर, गाडी सुटताना, तूही चल म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मला नाही म्हणता येणार नाही.

तुझीच,
अनुसूया