तिसऱ्या पानावरची मोठी मुलगी

१८ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, भावजींचा गुडघा ठीक असेल, गच्चीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला असेल. विचारायची पद्धत म्हणून विचारलं. मला या घडीला यातल्या कशाशीही घेणंदेणं नाही.

तुझं पाकीट परवा मिळालं. आत मी पाठवलेला संमतीचा फॉर्म, त्यावर तुझी सही, आणि चिठ्ठीत एकच ओळ: ‘सही केली आहे. आता नीट पास हो.’ हे तू मुद्दाम केलंस. चाळीस वर्षं ओळखते मी तुला.

‘या वयात बोलायला शिकायला कॉलेजात जातेस?’ म्हणून तू भावजींसमोर फिदीफिदी हसली होतीस, ते मी विसरलेले नाही. पुन्हा एकदा सांगते. एम. ए. आहे, विषय व्यावसायिक संवाद. ऑफिसांनी, बँकांनी, दवाखान्यांनी लोकांना असं लिहावं, की वाचणाऱ्याला आपण काय करायचं ते कळेल, हे तिथे शिकवतात. विमा कंपनीत चौदा वर्षं ग्राहकांना पत्रं लिहूनही मला हे येत नव्हतं. वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची. मला ‘मॅडम’ म्हणतात आणि माझ्याच वह्या पळवतात. शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून मी साहेबाच्या किती विनवण्या केल्या ते तुला सांगून काय उपयोग? तू पुन्हा हसशील.

प्रबंधासाठी सामान्य माणसाला आलेलं एक खरं पत्र घ्यायचं होतं. ते पाच जणांना मोठ्याने वाचायला द्यायचं. मधे बोलायचं नाही, अर्थ सांगायचा नाही. वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा, ‘आता तुम्ही काय कराल?’ उत्तर येईल ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं.

मी आईला हॉस्पिटलातून आलेलं पत्र घेतलं. ‘तपासणीतील काही बाबी लक्षात घेता, सोयीनुसार पुढील मूल्यांकन करून घेणे इष्ट राहील.’ तुलाही पाठ असेल. बँकेतला कॅशियर, ब्लाउज शिवणाऱ्या बाई आणि वर्गातले दोघे, चौघांचंही उत्तर एकच: काही करायला नको, सगळं ठीक दिसतंय. आमच्या ऑफिसचा लिफ्टमन तेवढा म्हणाला, ‘ठीक असतं तर पत्र कशाला धाडलं असतं, बाई?’

आमच्या मार्गदर्शक बाई खूश झाल्या. म्हणाल्या, त्या घरात प्रत्यक्ष काय झालं तेही लिहा. मी लिहिलं. तिसऱ्या पानावर. ‘रुग्णाच्या मोठ्या मुलीने पत्र वाचले. त्यातील निकड तिच्या लक्षात आली नाही. चार महिने वाया गेले.’ घरातलं पत्र वापरायचं तर नातेवाइकाची सही लागते, म्हणून ते पान फॉर्मसकट तुझ्याकडे धाडलं.

मला वाटलं होतं, तू आकाशपाताळ एक करशील. आठ दिवस फोनकडे डोळे लावून बसले होते मी. तू खोटारडी म्हणशील, मग मी काय म्हणेन, तेही ठरवून ठेवलं होतं. आणि तू सही केलीस! न वाचता केलीस असं म्हणू नकोस. फॉर्मसोबत त्या पानाच्या तळाशीही तुझी सही आहे.

राग कशाचा आला तेच आता लिहिते.

त्या दुपारी तू मला ऑफिसात फोन केलास. ते वाक्य दोनदा वाचून दाखवलंस. ‘मला काहीतरी खटकतंय गं. रिक्षा बोलावलीय, आईला आत्ताच घेऊन जाते,’ म्हणालीस. मी हसले. ‘ताई, असली वाक्यं मी दिवसाला दहा लिहिते. उद्या कुणी आपल्याला धरू नये म्हणून घालायची असतात. काही नाही त्यात. उगाच आईला घाबरवू नकोस.’ त्यावर तू म्हणालीस, ‘बरं, तुला कळतं त्यातलं,’ आणि रिक्षा परत पाठवलीस.

आई गेल्यावर सगळे जमले होते तेव्हा मामाने तुला सगळ्यांदेखत झाडलं. ‘पत्र घरात होतं आणि तू चार महिने हातावर हात ठेवून बसलीस?’ तू चादरींच्या घड्या घालत राहिलीस. मी दारात उभी होते, मूग गिळून. नंतर मोरीपाशी तू मला हळूच म्हणालीस, ‘जाऊ दे.’ तीन वर्षं मामा तुझ्या घरी पाऊल ठेवत नाही, आणि तीन वर्षं तुझं ते ‘जाऊ दे’ माझ्या मानेवर बसलं आहे. ताई, तू मला माफ केलेलं नाहीस. तू मला मिंधं करून ठेवलं आहेस. एकदा तरी भांडली असतीस!

आज वर्गात सादरीकरण होतं. तिसऱ्या पानावर आले आणि माझ्याने वाचवेना. जे घडलं ते सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, ‘मग हे असं का लिहिलंत?’ मी म्हटलं, लाज वाटली म्हणून. त्यांनी प्रबंध परत केला. सहा महिने गेले माझे. जाऊ देत.

नवं पान आणि नवा फॉर्म सोबत आहेत. ‘मोठ्या मुलीला शंका आली. तिने धाकट्या बहिणीला विचारले. धाकटी अशीच पत्रे लिहिण्याची नोकरी करत होती. तिने जाऊ नको असे सांगितले.’ या पानाचीच एक प्रत दुपारी मामाच्या पत्त्यावर टाकली. दोन दिवसांत त्याचा फोन येईल. उचल. मला सांभाळून घेऊ नकोस, तुला माझी शपथ आहे. आणि नव्या फॉर्मवर सही करायच्या आधी मला फोन करून चार शिव्या घाल, नाहीतर फॉर्म पाठवूच नकोस.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद मागतात. मी मागत नाही. तू आईला घेऊन निघाली होतीस. मी थांबवलं.

धाकटी