कौसाबाईच्या डोळ्याचा फोटो

बदनापूर, शुक्रवार, १२ डिसेंबर २००३

आज पुण्याच्या डॉक्टरांचा फोन. आम्ही पाठवलेल्या फोटोंवरून त्यांचा कंप्युटर बुबुळातली बुरशी ओळखायला शिकला म्हणे. "सिस्टर, तुमच्या सहकार्यामुळं!"

सहकार्य! कौसाबाईच्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेल्तं, तेव्हा फोटो मीच पाठवला. पुण्याहून उत्तर येईपर्यंत थांबा, हेही मीच सांगितलं. त्यांना फोटो फक्त कंप्युटरला शिकवायला हवे होते. उत्तर द्यायचं ठरलंच नव्हतं. मी आधी विचारलं का न्हाई? कुसळ तर दोन मिनिटांत काढलं होतं. थांबण्यात बुरशी वाढली, डोळा गेला.

संध्याकाळी ती दवाखान्यात आल्ती. तिला फोनचं सांगून टाकलं. कशाला सांगितलं?

"मंग त्या कंप्युटरला दिसून राह्यलं ना, ताई?" ती म्हणाली. "बरं झालं."