किल्ली नसलेली जीप

बुधवार, २ एप्रिल २०१४

माझ्या नातीने, इराने, जीप निवडली! तिच्या वर्गात प्रत्येकाने एकेका गाडीवर बोलायचंय — इतिहास काय, आणि गाडी भरवशाची का. कुणी बस घेतली, कुणी आगीचा बंब. आमच्या बाईसाहेबांनी माझ्या कपाटावरचा फोटो आठवून परस्पर सांगून टाकलं. वय वर्षं दहा. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र निम्मं इंग्रजी, तेही इथलं, शेवटी ‘ला’ लावलेलं.

“आजोबा, यू टेल मी ला. तुमचीच जीप होती ना?”

होती नव्हे, आहे. गावी देवरुखला, निशिकांतच्या गॅरेजात.

जेवताना माझ्या मुलाच्या, प्रबोधच्या कानावर गेलं. “दुसरं काही घे. जीपचं कसलं कौतुक!” इरा म्हणाली, टीचरने लिहून घेतलंय. गार्गी भात वाढत राहिली; सून आहे, शहाणी आहे. जीपचं नाव निघालं की या घरात बावीस वर्षं असंच होतं. प्रबोधच्या लेखी त्याच्या आईला जीपने मारलं.

गुरुवार, ३ एप्रिल

आज इराला इतिहास सांगितला. ती टाइप करत होती, मी खुर्चीत डोळे मिटून. किती दिवसांनी कुणी माझ्याकडून काही लिहून घेतलं!

अमेरिकेतलं टोलेडो गाव. लढाई तोंडावर आलेली. लष्कराला हलकी, कुठेही चढणारी गाडी पाहिजे होती. पहिला नमुना एका लहानशा कंपनीने एकोणपन्नास दिवसांत उभा केला, पण इंजिनात बाजी मारली टोलेडोच्या विलीज कंपनीने. मग लाखांनी गाड्या निघाल्या. लढाई संपल्यावर शेतकऱ्यांनी घेतल्या, मुंबईत जोडणी सुरू झाली. आणि कंपनी? एका मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. यंदा तर इटलीवाल्यांच्या पदरात पडली. मी म्हटलं, सासरं बदलत गेली, नाव माहेरचंच राहिलं. इराला हे काही कळेना. गार्गी स्वयंपाकघरातून मोठ्याने हसली.

आमची चव्वेचाळीस सालची, लष्कराच्या लिलावातली. वडिलांनी आणली. मी तिच्यातून एकतीस वर्षं टपालाच्या थैल्या नेल्या. इंजिनात ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. घाटात मी त्या तालावर शाळेतल्या कविता म्हणायचो. एकेक वृत्त अगदी चपखल बसायचं! माझी बायको विद्या म्हणायची, “गाडी चालवताय की वर्ग घेताय?”

शनिवार, ५ एप्रिल

खाली कार पार्कमध्ये मिस्टर कोह भेटले. आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहतात, माझ्याहून थोडे लहान. स्वतःची हिरवी जीप पुसत होते. नवीच दिसते. म्हणाले, “टेन इयर्स, अंकल. नेक्स्ट मंथ फिनिश.” इथला कायदा. दहा वर्षांचा परवाना संपला की गाडी मोडीत, नाहीतर पुन्हा परवाना. गाडी धडधाकट असो नसो.

मी सांगितलं, माझी सत्तर वर्षांची आहे.

“सेव्हंटी! ओल्डर दॅन मी ला!” हातातलं फडकं खाली पडलं त्यांच्या. मग विचारलं, “नेव्हर ब्रेक डाउन?”

मी म्हटलं, एकदाच.

का म्हटलं मी तसं? परक्या माणसाला तरी खरं सांगायला काय हरकत होती?

रविवार, ६ एप्रिल

निशिकांतचा फोन. शेजारी, दोस्त, देवरुखातला पहिला मेकॅनिक. दर रविवारी जीप सुरू करतो आणि फोन बॉनेटपाशी धरतो. मी इथे परदेशात, बुकित पंजांगला बाराव्या मजल्यावर बसून ऐकतो. एक-तीन-चार-दोन.

आज आवाज ऐकवला आणि म्हणाला, “विलासराव, कान भरून ऐक. गॅरेज बंद करतोय. गुडघे गेले. स्मिता म्हणते, पुण्याला चला.” स्मिता त्याची लेक. “जीपचं काय करू ते सांग. कागद तर कधीच संपलेत तिचे.”

संध्याकाळी प्रबोधला विचारलं. त्याने लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. “भंगारात द्या.”

“सुरू होते रे अजून. पहिल्या फटक्यात.”

“हो? आई गेली त्या दिवशी नाही झाली.”



मंगळवार, ८ एप्रिल

दिवसभर पाऊस. कवितेची वही उघडली. एकही पान वाचलं नाही.

गुरुवार, १० एप्रिल

भरवशाचं पान आज आलं. इराने नेटवर बरंच शोधलं. कुणी डोक्यावर घेतंय, कुणी नाक मुरडतंय, कुणाचं कुणाशी जुळत नाही. कंटाळून म्हणाली, “आजोबा, तुम्ही सांगा. किती स्टार?”

“पाच.”

सोफ्यावरून प्रबोध म्हणाला, “शून्य लिही.”

“बट आजोबा सेज फाइव्ह!”

“आजोबांना कविता सुचतात. तू शून्य लिही.”

इरा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. “सो हू इज राइट?”

गार्गीने तिला आंघोळीला पिटाळलं. स्टारची जागा रिकामी सोडून पोर उठली. सादरीकरण बावीस तारखेला आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज लिहून काढतो. बावीस वर्षं रोजनिशी लिहितोय, आणि हे एकच पान टाळत आलो.

जुन्या लष्करी जीपला किल्ली नसते. आमच्या तर नव्हतीच. नुसता खटका, कुणीही फिरवावा आणि न्यावी. म्हणून जीपवाल्यांची एक रीत होती. गाडी सोडून जाताना बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं, आतला रोटर काढून खिशात टाकायचा. सुपारीएवढी वस्तू. ती नसली की ठिणगी सिलिंडरपर्यंत पोचत नाही, गाडी जागची हलत नाही. टपालाच्या थैल्या असल्यामुळे मला ती सवय हाडीमासी खिळली होती. घराच्या अंगणातही काढायचो. विद्या चिडायची. “इथे कोण चोर येतोय?”

१६ फेब्रुवारी १९९२, रविवार. शाळेत पाठांतराची स्पर्धा होती, मी परीक्षक. टपाल नव्हतं, जीप अंगणात. जेवून निघालो तेव्हा हात आपोआप बॉनेटकडे गेला. घरी माणसं आहेत, शेजारी निशिकांत आहे, त्याला चालवता येते — काही काही मनात आलं नाही. त्या दिवसाच्या कविता घोळत होत्या डोक्यात.

दोनच्या सुमारास विद्याच्या छातीत कळ आली. निशिकांत धावत आला, खटका फिरवला. नाही! पुन्हा पुन्हा फिरवला. त्याने झाकण उघडून पाहिलं असणारच; मेकॅनिक माणूस. आत रोटरची जागा रिकामी. त्या काळी गल्लीत दुसरी मोटार नव्हती. दुपारची एसटी गेलेली.

आणि मी बाकावर डोळे मिटून बसलो होतो. एक मुलगी नदीवरची कविता म्हणत होती, इतकी गोड, की मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. रोटर खिशात, बोटांत फिरवत होतो.

चार वाजता प्रबोध आला. पंधरा वर्षांचा होता, घामाने भिजलेला, बोलता येईना. मी पळत सुटलो. अंगणात माणसं जमलेली. वायर बघतो असं म्हणून वाकलो आणि रोटर बसवला. निशिकांतने बॉनेट धरून ठेवलं होतं, तोंड दुसरीकडे केलं होतं. पहिल्या फटक्यात सुरू झाली! गर्दीत कुणीतरी म्हणालं, “आयत्या वेळी दगा दिला बघा गाडीने.” मी हो म्हटलं. ते एक हो.

रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं.

ते दोन तास माझ्या खिशात होते. निशिकांत आजवर एक शब्द बोललेला नाही. आणि प्रबोध बावीस वर्षं एका लोखंडी गाडीचा द्वेष करतोय. जीप मोडीत निघाली की खोटं माझ्यापाशी कायमचं राहील. ती आहे तोवर सांगायला हवं.

रविवार, १३ एप्रिल

आज सांगणारच होतो. प्रबोध मला चष्म्यासाठी जुरोंग ईस्टला घेऊन गेला. दोघेच. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जागा मिळाली, शेजारी शेजारी. वाक्य जुळवून ठेवलं होतं: “प्रबोध, त्या दिवशी जीप बिघडली नव्हती.” एवढंच. सोपं वाक्य.

तोंड उघडलं तर तोच म्हणाला, “बाबा, एसी लागतोय का? जागा बदलू?” उठला आणि माझ्यावर येणाऱ्या झोताच्या मधे उभा राहिला. स्टेशन येईपर्यंत तसाच.

कसं सांगणार? मुलगा आहे हा माझा. याच्याशिवाय माझं कोण आहे आता?

मंगळवार, १५ एप्रिल

निशिकांत म्हणतो, प्रबोधने त्याला परस्पर फोन केला. भंगारवाला ठरला. गुरुवारी येऊन जागेवरच कापून नेणार.

“थांबव ना दोन दिवस,” मी म्हटलं. “मला प्रबोधशी बोलायचंय.”

“कशाबद्दल?”

मग तोच म्हणाला, “विलास, जीपला तोंड नाही तेच बरं. असतं तर घरादाराला बोलून दाखवलं असतं तिने. जाऊ दे आता म्हातारीला.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याने नुसतं विलास म्हटलं.

गुरुवार, १७ एप्रिल

दुपारी निशिकांतचा फोन आला. आज बॉनेटपाशी धरला नाही. मागे करवतीचा आवाज येत होता. “झालं,” म्हणाला. “नावाला सुद्धा काही ठेवलं नाही.”

दगा न देणारी गाडी, दगाबाज ठरून गेली. मी बाराव्या मजल्यावर चहा पीत होतो. बिस्किट पण खाल्लं.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडे, सगळ्यांना सुट्टी. गार्गी आणि इरा सेरंगूनला मैत्रिणीकडे गेल्या. प्रबोध बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. त्याच्या मागे उभा राहून सांगितलं. तोंडाकडे बघून जमलं नसतं.

सगळं सांगितलं. किल्ली नसणं, रोटर, खिसा, नदीची कविता. वायर बघतो म्हणून वाकलो ते. गर्दीत म्हटलेलं हो.

तो वळला नाही. हातातला इराचा युनिफॉर्म तसाच धरून होता, पाणी गळत होतं. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, “मला काय वाट्टेल ते बोल.” पाठमोराच म्हणाला, “कालपर्यंत का नाही सांगितलंत? कालपर्यंत उभी होती ती.”

मग चपला घातल्या आणि खाली गेला. बाल्कनीतून दिसत होतं. मिस्टर कोहंच्या हिरव्या जीपशेजारी कठड्यावर बसला होता. दोन तास. जेवायला वर आला, जेवला नाही. परत आलेल्या गार्गीने मला खुणेने विचारलं — काय झालं? मी मान हलवली.

संपलं. आता या घरात मी पाहुणा. मुलगा गमावायचा तर आधीच गमावायचा होता. निदान त्याची बावीस वर्षं वाचली असती.

शनिवार, १९ एप्रिल

सकाळी प्रबोध खोलीत आला. पलंगाच्या कडेला बसला. डोळे सुजलेले. म्हणाला, “बाबा, आईने मला दोन वाजताच पाठवलं होतं. तुम्हाला बोलवायला.”

दोन वाजता! शाळा दहा मिनिटांवर.

“मैदानावर मॅच चालू होती. माझी बॅटिंग यायची होती. मला वाटलं, तिला नेहमीसारखंच दुखतंय.”

मला काय सुचावं? मी विचारलं, “किती काढल्यास?”

“आलीच नाही, बाबा,” म्हणाला. “बॅटिंग आलीच नाही माझी.”