पडद्यासाठी अर्ज

५ सप्टेंबर, सोमवार

उजव्या डोळ्याचा पडदा सुटत चाललाय. डॉक्टरीणबाई अगदी सहज बोलल्या, जसं काही शर्टाचं बटण सुटलंय. "पंधरवड्याच्या आत ऑपरेशन करून बसवून घ्या. थांबलात तर डोळा गेला समजा." मग विचारलं, काम काय करता? म्हटलं, क्लबच्या ऑफिसात. अगदीच खोटं नाही, तलाव ऑफिसच्या समोरच आहे.

जीवरक्षक आहे मी! उंच खुर्चीत बसून पाण्याकडे बघत राहायचं, याचाच पगार मिळतो. क्लबने दिलेल्या प्रशस्तिपत्रात लिहिलंय – 'डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो.' आता तेलाचा डबा ओतला तरी उजवीकडे अंधारच.

हिला सांगितलं. हातातली कात्री तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "क्लबात सांगून टाका." सांगू? आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोटावर पाय देऊ?

६ सप्टेंबर, मंगळवार

खुर्ची कोपऱ्यात सरकवली. आता माझी उजवी बाजू भिंतीकडे येते. फक्त भिंतीलगतची शिडी नजरेतून सुटते. पण शिडीपाशी कोण बुडतंय?

तलावाचा पंपवाला म्हणाला, "जागा का रे बदललीस?" म्हटलं, ऊन लागतं. आभाळ गच्च भरलेलं होतं. त्याने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गेला.

७ सप्टेंबर, बुधवार

आज कर्णबधिर शाळेतली मुलं आली. त्यांचा बुधवार क्लबच्या मदतनिधीतून चालतो. एरवी ही मुलं मला फार आवडतात. आज ती फाटकातून आत येताना दिसली आणि वाटलं, परत जावीत.

त्यांना शिट्टी ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी लाल झेंडा. हाका नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे माझाही कान कामाचा नाही. फक्त डोळे. पूर्ण वेळ मान घुबडासारखी फिरवत बसलो. मानेला रग लागली.

पिवळ्या टोपीची एक मुलगी आहे. पाण्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघते. शिडीवर उभी राहून हात हलवत होती म्हणे. मला दिसलंच नाही. त्यांच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा घाईघाईने हलवला.

८ सप्टेंबर, गुरुवार

मदतनिधी जसा आसपासच्या संस्थांना, तसाच अडचणीतल्या कर्मचाऱ्यांनाही मिळतो. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "अर्ज करा. नाव समितीपुढे जात नाही, अर्जावर नुसता नंबर असतो, आणि तो कोणाचा हे फक्त मला माहीत असतं. तुम्ही काम आणि अडचण तेवढी लिहा." पंपवाला हसला – "काम लिहिल्यावर नाव कशाला हवंय? जीवरक्षक तू एकटाच!"

म्हणून कामापुढे 'कर्मचारी' एवढंच लिहिलं. अडचणीपाशी पेन अडलं. 'डोळा' हा शब्द काही केल्या हातातून उतरेना. शेवटी डॉक्टरीणबाईंच्याच शब्दांत लिहिलं – 'पडदा सुटला आहे. बसवून घेण्यासाठी मदत हवी. उशीर झाल्यास कायमचे नुकसान.'

समजणाऱ्याला समजेल. आणि समजलं तर?

१० सप्टेंबर, शनिवार

समिती बसली. मला वाटलं, बाहेर येऊन सगळे माझ्या डोळ्याकडे बघतील. कोणी बघितलं नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार

अर्ज मंजूर! स्टोअरमधून घेऊन जा म्हणाले. स्टोअरमधून? पडद्याचे पैसे स्टोअरमध्ये कसे?

पैसे नव्हतेच. पडदे होते. मोठ्या हॉलमधले जुने, जांभळ्या मखमलीचे, कड्यांसकट. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "खरं तर अशी कामं निधीत बसत नाहीत. पण वहिनी शिवणकाम करतात ना, म्हटलं, त्या बसवतील. समितीने मन मोठं केलं." मी 'आभारी आहे' म्हटलं. अक्षरशः 'आभारी आहे' म्हटलं!

सायकलला बांधून घरी आणले. हिने गाठोडं सोडलं, अर्जात काय लिहिलं होतं ते विचारलं, आणि हसत सुटली. मीही हसलो. मग तिचं हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. तोंड मखमलीत खुपसून रडत होती. "तीन अक्षरं जास्त लिहायला काय झालं होतं हो? 'डोळ्याचा' एवढंच."

काय सांगू तिला? भीती वाटली. अजून वाटतेय. आता तर त्या डोळ्याला समोरचंही धुरकट दिसतं.

१४ सप्टेंबर, बुधवार



मुलं पाण्यात होती. मी बघत होतो, देवाशपथ बघत होतो. अचानक बाई कपड्यांनिशी धावत आल्या आणि माझ्या खुर्चीजवळून शिडीकडे झेपावल्या. पिवळी टोपी वर काढली. खोकत होती, ओठ पांढरे पडलेले. माझ्यापासून चार हातांवर! आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

मी उतरेपर्यंत ती काठावर बसलेली. बाई धापा टाकत म्हणाल्या, "बरी आहे हो, तुम्हीही उठलाच होतात ना?" मी हो म्हणून मान हलवली. मान हलवली मी!

जेवण गेलं नाही. ओठच दिसतायत.

१५ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांच्या टेबलावर शिट्टी आणि झेंडा ठेवला. म्हटलं, "साहेब, पडदा डोळ्याचा होता."

साहेबांनी शिट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "आणि आम्ही मखमल दिली." कपाळावर हात मारून घेतला. "काल काही झालं असतं तर?"

हॉस्पिटलचं निधीतून बघतील. तलाव तोवर बंद. पुढे खुर्ची मिळणार की नाही, ते डॉक्टरांच्या दाखल्यावर. पंपवाल्याने सायकलपर्यंत सोबत केली. म्हणाला, "ऊन लागतं म्हणे!" आणि पाठीवर थाप मारली.

१७ सप्टेंबर, शनिवार

उद्या सकाळी ऑपरेशन. हॉस्पिटलातून लिहितोय.

संध्याकाळी शाळेच्या बाई पिवळ्या टोपीवालीला घेऊन आल्या. मी त्या मुलीची माफी मागितली. बाईंनी ती हातांच्या खुणांनी तिला सांगितली. ती जोरात मान हलवायला लागली – नाही, नाही. मग माझ्या उजव्या डोळ्याकडे बोट दाखवून भराभरा हात चालवले. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"म्हणते, मी बुडत नव्हते. काकांना या बाजूचं दिसतं का, ते बघत होते."