कंसातला हशा

तीर्थरूप बाबा, लेकीचा नमस्कार.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

परवा भाषणात राष्ट्राध्यक्ष खाणीत गाडल्या गेलेल्या मजुरांच्या बायकांना ‘रडूबाया’ म्हणाले. सभागृहात कुणीही हसलं नाही. माझ्या शेजारच्या लघुलेखकानं कंसात ‘शांतता’ लिहिलं. वर पत्रकारांना म्हणाला, “माणसं मेलीत आणि हा थट्टा करतो.” दुसऱ्या दिवसापासून त्याची खुर्ची रिकामी आहे. घरीही नाही म्हणे.

साहेबांनी त्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी ‘शांतता’ खोडून ‘हशा’ लिहिलं.

कानावर पडेल तेच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. पेनही तुमचंच होतं, बाबा. ते या पत्रासोबत परत पाठवतेय.

तुमची,
धाकटी