माझं उशिरा बोलणं

माय, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे लिहिणं तसं बिनकामाचंच. पण एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि अर्धवट माहिती मला चालत नाही.

मी कुरुंद्यातच आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी वाइंडिंग करून देतो. कुणी शिकवलं नाही. जुनी मोटार उकलायची, तारेचे वेढे मोजायचे, वहीत लिहायचे, असं करत शिकलो. आज वसमतहून मोटारी येतात. घरातही माझा शब्द शेवटचा असतो, त्याला कारण हेच.

नात अडीच वर्षांची होती तेव्हा सून म्हणाली, "मामा, हाक मारली तरी ही पाहत न्हाई. हिंगोलीला दाखवून येऊ का?" मी मोटारीतून मान वर न काढता म्हणालो, "मी पाच वर्षांचा होईपर्यंत बोललो न्हाई. माझं काही अडलं का?" तिनं पुढं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तुझीच गोष्ट सांगितली. चुलीपुढं बसून तू शेजारणींना सांगायचीस, आमचं पोरगं बोलतच न्हवतं, अन् बोललं ते एकदम, "माय, भाकर करपली." बाया हसायच्या. एक म्हणायची, "पहिल्याच बोलण्यात मायची चूक काढली व्हय!" तू म्हणायचीस, "आता तर रोजच काढून राहिला." मी दाराशी उभा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो आहे.

नातीला चौथं सरलं तेव्हा सून मला न विचारता तिला घेऊन जीपमध्ये बसली. मागच्या एसटीनं मीही गेलो. हिंगोलीच्या दवाखान्यात अशा लेकरांना शिकवणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं साबणाचे फुगे सोडले, डबी घट्ट बंद करून समोर ठेवली आणि गप्प बसली. नातीनं बोट दाखवलं नाही, कुणाकडं पाहिलं नाही. माझं मनगट धरलं आणि माझा हात डबीवर नेऊन ठेवला. मला ते हुशारीचं वाटलं. बाई म्हणाली, "आजोबा, तुमचा हात तिला पकडीसारखा, नुसतं अवजार आहे. माणसाकडं मागायचं असतं, हे तिला अजून कळायचंय." मग मी माझी गोष्ट काढली. तिनं विचारलं, "बोलत नव्हता तेव्हा बोट दाखवून मागत होता का? हाक मारली की वळत होता का?" "ते मला कसं ठाऊक असणार? माझ्या मायला ठाऊक. ती न्हाई आता." ती एवढंच म्हणाली, "लवकर आणायला हवं होतं." सून भिंतीकडं पाहत होती.

आता घरी त्या बाईनं दिलेली चित्रांची कार्डं आहेत. तयार कार्डावरचा काचेचा गिलास नातीला कळेना, म्हणून मी आपल्याच पाण्याच्या गडव्याचा फोटो वाइंडिंगच्या जाड कागदावर चिकटवला, कोपरे घासून गोल केले. तिनं कार्ड हातात दिलं की "पाणी" म्हणायचं आणि लगेच पाणी द्यायचं. पहिले सतरा दिवस मागं बसून मीच तिचा हात धरत होतो. काल ती एकटी दुकानात आली, कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. किती वेळ, ते मोजायचं राहून गेलं. पाणी घेऊन आलेली सून म्हणाली, "मामा, हेच दीड वर्ष आधी..." आणि गडवा नातीपुढं धरला.

मी बोट दाखवत होतो का, एवढंच तुला विचारायला बसलो होतो. पण तुझं उत्तर आलं असतं तरी काय झालं असतं? चुलीपुढं तू "पाच वर्षं" असं कधी म्हणालीच नाहीस. "तिसरं लागलं होतं," म्हणायचीस. पाच मी केली, दुकानात, गिऱ्हाइकांपुढं. आता आठवलं असं म्हणणंही खरं नाही, विसरलोच नव्हतो. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिता आलं. सुनेला अजून सांगितलेलं नाही.