खिशातली चावी

प्रिय ग्रोआ,

तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. उरल्यासुरल्या दातांनी लोणी लावून चघळतोय. इथलं लाँगवेव्ह रेडिओ केंद्र बंद झालं. शुक्रवारी मनोरा आडवा करणार आहेत, रेक्याविकहून माणसं आलीत. तीस वर्षं त्याला रंग दिला, त्याच्या तारा ताणल्या, त्यामुळे जीव कालवतो गं. आता बोटींना हवामान फोनवर कळतं म्हणे.

आमची एक रीत तुला कधी सांगितली नाही. प्रक्षेपण चालू असताना मनोऱ्याला हात लावणं म्हणजे मरण. म्हणून चढणारा आधी यंत्र बंद करायला लावी आणि त्याची चावी खिशात घालूनच वर जाई. तो उतरेपर्यंत कुणाच्या बापालाही प्रक्षेपण सुरू करता येत नसे.

तुझा केटिल वादळात गेला त्या दिवशी चावी माझ्या खिशात होती. पावणेएकच्या हवामानाच्या बातम्यांआधी मी उतरायचं ठरलं होतं. टोकाशी दोन हात रंग राहिला होता आणि तेवढ्यासाठी उद्या पुन्हा चढायचा मला कंटाळा आला. खालून सगळे हात हलवत होते. मी बघून न बघितल्यासारखं केलं. वादळाचा इशारा पंचवीस मिनिटं उशिरा गेला. साहेबांनी नोंदवहीत यंत्राचा बिघाड लिहिला आणि मी गप्प बसलो. लोक दोन दिवस त्या उशिराबद्दल बोलले; तू तेव्हा कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीतच नव्हतीस.

केटिलच्या होडीवर रेडिओ नव्हता. तो तुमच्या स्वयंपाकघरात हवामान ऐकूनच निघायचा. त्या दिवशी रेडिओ मुका होता. "ग्रोआ, तुझी बॅटरी मेली बघ," असं हसत म्हणून तो गेला. संध्याकाळी तू नवी बॅटरी घातलीस, रेडिओ बोलू लागला आणि तुझी खात्रीच पटली. तेव्हापासून दर नाताळला माझ्या ताटात पॅनकेक वाढताना तू म्हणतेस, बॅटरी वेळेवर बदलली असती तर. आणि मी मान खाली घालून खातो. माझ्याइतका भित्रा भाऊ कुणाला मिळू नये.

चावी याच पाकिटात आहे. तिचं काय करायचं, आणि माझं काय करायचं, ते तू ठरव. या नाताळला दार उघडलं नाहीस तरी मी समजेन. पण ग्रोआ, तुझी जुनी बॅटरी चांगली होती.

तुझाच,
स्टेइनार